पाऊस गेला, ऊस उरला

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी परभणीला बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचे सहाशे प्रश्न मराठीत टाईप केले आणि त्यांचे ऊस, कापूस, सोयाबीन, हवामान, बाजारभाव असे पाच गट पाडले. नवा प्रश्न आला की तो कोणत्या गटातला, हे प्रोग्रॅमने ओळखायचं. पायथन आणि सायकिट-लर्न ही त्यातली मशीन लर्निंगची लायब्ररी वापरली आहे, वाक्यांचे शब्द सुटे करून मोजायला तिच्यातला काउंट व्हेक्टरायझर. प्रोग्रॅम चालतो, एरर येत नाही. पण पावसाचे प्रश्न उसात जातात आणि सोयाबीनचे बरेच प्रश्न ओळखूच येत नाहीत. सर म्हणतात, डेटा कमी पडतोय, अजून प्रश्न आण. हे सहाशे गोळा करायलाच मला आणि बाबांना दोन महिने लागले. नमुन्याला काही प्रश्न सोबत पाठवते. आणखी गोळा करू का?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : एकही नवा प्रश्न गोळा करू नकोस. तुझे सहाशे प्रश्न कमी आहेत की पुरेसे, हे आत्ता तुलाही सांगता येणार नाही आणि तुझ्या सरांनाही. कारण ते प्रश्न मॉडेलपर्यंत, म्हणजे गट ओळखायला शिकणाऱ्या भागापर्यंत, पोचलेच नाहीत. पोचलाय तो त्यांचा भुगा.

नमुन्याचे प्रश्न पाठवलेस हे फार बरं केलंस. त्यातले दोन घेऊन मी काल रात्री बसले : 'पाऊस कधी पडेल?' आणि 'ऊस कधी तोडायचा?' तुझ्यासारखाच काउंट व्हेक्टरायझर घेतला, एकही सेटिंग बदललं नाही. वाक्य मॉडेलकडे जायच्या आधी त्याचे कोणते तुकडे पडतात ते बघायची सोय त्यात आहे. 'बिल्ड ॲनालायझर' म्हटलं की एक फंक्शन मिळतं, त्याला वाक्य दिलं की टोकनांची, म्हणजे त्या तुकड्यांची, यादी येते. यादी अशी आली :

पहिल्या प्रश्नाची : ऊस, कध, पड
दुसऱ्या प्रश्नाची : ऊस, कध, यच

तीनपैकी दोन टोकनं सारखीच. हे दोन प्रश्न मॉडेलने एका गटात टाकले तर त्याचा काय दोष? त्याच्या समोर जे आलं त्यावरून त्याने बरोबरच अंदाज केला. 'पाऊस' हा शब्द त्याने कधी पाहिलाच नाही. त्यातला 'पा' गळला आणि खाली ऊस उरला.

आता हे का होतं ते नीट समजून घे, कारण हे कळलं की पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल.

'पाऊस' हा शब्द संगणकात चार कोडांनी लिहिलेला असतो : प, काना, ऊ, स. आपण काना वेगळा मोजत नाही, 'पा' हे आपल्यासाठी एक अक्षर. युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांना कोड देणाऱ्या प्रमाणपद्धतीने, मात्र देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि पाय मोडायची खूण या सगळ्यांना स्वतंत्र कोड दिले आहेत आणि त्यांचा वर्ग 'अक्षर' असा न ठेवता 'चिन्ह' असा ठेवला आहे. त्यात गैर काही नाही. काना एकटा उभा राहत नाही, हे खरंच आहे. गोष्ट बिघडते ती पुढच्या पायरीवर.

काउंट व्हेक्टरायझरला तू काही सांगितलं नाहीस तर तो एक ठरलेला पॅटर्न वापरतो. त्याचा अर्थ असा : शब्दातली म्हणता येतील अशी दोन किंवा जास्त अक्षरं सलग दिसली की तो एक तुकडा धर. 'शब्दातलं अक्षर' कशाला म्हणायचं हे तिथे बॅकस्लॅश डब्ल्यू या खुणेने सांगितलेलं असतं, आणि तिचा अर्थ पायथनची 'आरई' लायब्ररी ठरवते. ती अक्षरं घेते, आकडे घेते, अंडरस्कोअर घेते. चिन्हं घेत नाही. म्हणून काना दिसला की तिच्या मते शब्द संपला. इंग्रजीत स्वल्पविराम लागला की संपतो, तसा. आणि 'दोन किंवा जास्त' या अटीमुळे एकटं पडलेलं व्यंजन टाकून दिलं जातं.

आता तुझ्या फाईलमधले शब्द या चाळणीतून घालून बघ. 'सोयाबीन' : स एकटा, य एकटा, ब एकटा, न एकटा. चारही गळाले, शब्द संपूर्ण नाहीसा. 'कापूस' नाहीसा. 'तूर' नाहीशी, 'कांदा' नाहीसा, 'पाणी' नाही, 'विहीर' नाही, 'शेती' नाही. 'शेतकरी'चं 'तकर' होतं. 'फवारणी'चे दोन तुकडे पडतात, 'फव' आणि 'रण'. 'गारपीट'मधलं फक्त 'रप' राहतं. 'जमीन'मधलं 'जम' राहतं, 'नुकसान'मधला 'कस'. आणि 'घर', 'खत', 'दर', 'ऊस', 'आवक' हे धडधाकट बाहेर येतात, कारण त्यांत काना नाही, मात्रा नाही. तुझ्या पाच गटांपैकी दोन गटांची नावंसुद्धा या चाळणीतून जात नाहीत आणि उसाचं मात्र जसंच्या तसं जातं. मग उसाकडे ओढा दिसणारच.

हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण या जागी मीही अडकले होते. पुण्यात एका छोट्या कंपनीत असताना मराठी शब्दकोशाचा शोध लिहायचं काम माझ्याकडे होतं. पायथनमध्ये ओळ लिहिली, 'मराठी' हा शब्द दिला, आणि पडद्यावर दोन तुकडे आले : 'मर' आणि 'ठ'. मी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. मला वाटलं, फाईल सेव्ह करताना काही बिघडलं. दोन दिवस मी फाईलचं एन्कोडिंग तपासत बसले. वरिष्ठांना दाखवलं तर ते म्हणाले, "मराठीत कोण शोधणार आहे, इंग्रजी चालतंय ना?" ते वाक्य मला अजून लागतं.

माझी आई कोल्हापूरला एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. प्रुफात काना अक्षरापासून सुटलेला दिसला की ती तांबड्या शाईने दोन्हींना सांधणारा छोटा अर्धगोल काढायची. पाचशे पानांचं पुस्तक असलं तरी एक काना सुटू द्यायची नाही. त्या 'मर' आणि 'ठ'कडे बघताना मला तो अर्धगोल आठवला. आईला जे कळत होतं ते या लायब्ररीला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे ती सांगतही नव्हती. तुझ्या बाबतीतही तेच झालं. एरर आली असती तर तू दुसऱ्याच दिवशी शोधलं असतंस. प्रोग्रॅम मुकाट्याने चालत राहिला आणि दोष तुझ्या मेहनतीवर आला.

ही गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली नाही असंही नाही. पायथनच्या दोषांच्या नोंदींमध्ये २००७ सालापासून ही तक्रार आहे. युनिकोडचा स्वतःचा सल्लासुद्धा असा आहे की शब्दातल्या अक्षरांत ही चिन्हं धरावीत. जीपीटी-२ हे मोठं भाषा-मॉडेल २०१९ मध्ये आलं. त्यात मजकुराचे पहिले तुकडे पाडणारा जो पॅटर्न आहे, तोही अक्षरं एकीकडे आणि चिन्हं दुसरीकडे करतो, म्हणजे तिथेही 'मराठी'चा काना 'मर'पासून तुटतो. २०२४ मध्ये जीपीटी-४ओ साठी आलेल्या पॅटर्नमध्ये चिन्हं अक्षरांबरोबर धरली आहेत. मोठमोठ्या ठिकाणीही हे इतक्या उशिरा सुधारलं. तेव्हा शेवटच्या वर्षाच्या मुलीला हे आधी कळायला हवं होतं असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आता दुरुस्ती. पायथनसाठी 'रेजेक्स' नावाची वेगळी लायब्ररी मिळते, 'पिप' या पायथनच्या साधनाने बसव. नाव 'आरई'शी मिळतंजुळतं असलं तरी ती निराळी आहे आणि ती कान्या-मात्रांना शब्दाचा भाग मानते. तिच्यात 'अक्षर किंवा चिन्ह किंवा आकडा, एक वा अधिक' असा पॅटर्न लिही. युनिकोडच्या वर्गांची आद्याक्षरं वापरायची : अक्षरासाठी एल, चिन्हासाठी एम, आकड्यासाठी एन. मात्र हा पॅटर्न व्हेक्टरायझरच्या 'टोकन पॅटर्न' या सेटिंगमध्ये टाकू नकोस. तिथे टाकलेला पॅटर्न आतल्या आत पुन्हा 'आरई'कडेच जातो, आणि तिला हे वर्ग कळत नसल्याने तू एररवर अडशील. 'टोकनायझर' या सेटिंगला रेजेक्सचं 'फाइंडऑल' फंक्शनच देऊन टाक. ते दिलं की टोकन पॅटर्न बाजूला पडतो, तशी सूचनाही पडद्यावर येते. ती वाचून घाबरू नकोस, आपल्याला तेच हवं आहे.

काही जण देवनागरीचा पूर्ण पट्टा, म्हणजे ०९०० ते ०९७एफ हे कोड, चौकटी कंसात घालतात. चालतं, पण त्या पट्ट्यात दंड आणि दुहेरी दंडही आहेत, ०९६४ आणि ०९६५ वर. कुणी ओवी किंवा श्लोक टाईप केला की दंड शेवटच्या शब्दाला चिकटून येतो. शेतकऱ्यांच्या प्रश्नांत दंड येणार नाही, पण सवय बरी लावलेली बरी.

एक सेटिंग मात्र चुकूनही लावू नकोस : 'स्ट्रिप ॲक्सेंट्स'ला 'युनिकोड'. नाव वाचून वाटतं की मजकूर स्वच्छ होईल. ते फ्रेंच-जर्मन अक्षरांवरची टिंबं-रेघा काढण्यासाठी आहे आणि देवनागरीत ते पाय मोडायची खूण आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, उचलून टाकतं. 'प्रश्न'चा 'परशन' होतो.

एवढं केल्यावर सहाशे प्रश्न तेच ठेवून मॉडेल पुन्हा शिकव. पाऊस पावसात जाईल, ऊस उसात. तरीही काही प्रश्न चुकतील आणि त्याचं कारण वेगळं असेल : पाऊस, पावसाने, पावसामुळे, पावसाअभावी. आपल्यासाठी हा एकच पाऊस, मॉडेलसाठी चार अनोळखी शब्द. हिंदीत 'बारिश से', 'बारिश में' असे प्रत्यय सुटे लिहितात, मराठीत ते शब्दाला जोडून लिहितो, शिवाय 'पाऊस'चा 'पावसा' होतो. यावर लहान प्रकल्पासाठी सोपा उपाय असा की 'ॲनालायझर' या सेटिंगमध्ये 'चार डब्ल्यूबी' (char_wb) निवड आणि तुकड्यांची लांबी तीन ते पाच ठेव. मग तो शब्दाच्या आतले तीन-तीन, चार-चार, पाच-पाच कोडांचे सरकते तुकडे घेतो. 'पावस' हा तुकडा शेवटच्या तिन्ही रूपांत आहे, तिथे त्यांची गाठ पडते. हा मार्ग शब्द वेगळे करताना फक्त मोकळी जागा बघतो, बॅकस्लॅश डब्ल्यूच्या वाटेला जातच नाही. म्हणून कान्याचा घोटाळाही त्यात होत नाही. दोन्ही करून बघ, दोन्हींचे निकाल प्रकल्पाच्या वहीत शेजारी-शेजारी मांड.

आणि बाबांना सांग, दोन महिने वाया गेलेले नाहीत.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेचा सचिव आहे. माझा पुतण्या पॉलिटेक्निकला आहे. त्याने संकलनाच्या नोंदी वाचून बिल काढणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला. एका ओळीत सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि पाळी असे पाच आकडे स्वल्पविरामाने येतात. सकाळसाठी १, संध्याकाळसाठी २. कधी कधी काट्याचा आकडा येत नाही, तेव्हा लिटरची जागा मोकळी राहते. अशा दिवशी बिलात भलतेच आकडे येतात. एका सभासदाच्या गाईच्या दुधाला ८.५ फॅट लागली. सभासद आमच्यावर संशय घेतात. पुतण्याला चूक सापडत नाही.
— एक वाचक, सांगोला

उत्तर : सचिवसाहेब, सभासदांचा संशय घालवायचा असेल तर आधी ती ओळ त्यांना छापून दाखवा, मग पुतण्याकडून प्रोग्रॅम दुरुस्त करून घ्या. चूक कुठे आहे ते मी सांगते.

पुतण्याने बहुतेक 'स्ट्रटॉक' हे फंक्शन वापरलं असणार. कॉलेजात स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, तोडायला तेच शिकवतात. त्याचा स्वभाव असा आहे की दोन स्वल्पविराम लागोपाठ आले तर ते दोन्ही मिळून एकच धरतं. रिकामी जागा म्हणून काही असते, हे त्याला मान्यच नाही. तुमची ओळ अशी आली असेल :

११७,,४.१,८.५,१

माणूस वाचेल : ११७ नंबरचा सभासद, लिटर नोंदलं नाही, फॅट ४.१, एसएनएफ ८.५, पाळी सकाळची. स्ट्रटॉक पाचऐवजी चारच तुकडे देतं आणि सगळे आकडे एक घर डावीकडे सरकतात. लिटरच्या जागी ४.१ बसतं, फॅटच्या जागी ८.५, एसएनएफच्या जागी १. पाचवा तुकडा मिळत नाही. तिथे बहुधा 'काही नसेल तर सकाळ धरा' असं लिहिलेलं असणार, नाहीतर प्रोग्रॅम त्याच ओळीवर बंद पडला असता. तुमच्या सभासदाला लागलेली ८.५ फॅट ही त्याची एसएनएफ आहे.

पुतण्याला सांगा : लिनक्सवर असशील तर 'स्ट्रसेप' वापर, ते रिकामी जागा रिकामी म्हणून परत देतं. विंडोजवर ते मिळणार नाही, तिथे 'स्ट्रसीस्पॅन'ने पुढच्या स्वल्पविरामापर्यंत किती अक्षरं आहेत ते मोज, तेवढी उचल, एक पाऊल पुढे जा, पुन्हा मोज. दहा ओळींचं काम आहे. आणि तुकडे पाच भरले नाहीत किंवा त्यातला एखादा रिकामा आला तर ती ओळ बिलात घेऊच नको, वेगळ्या फाईलमध्ये टाक म्हणजे सचिव रोज संध्याकाळी बघतील. मोकळ्या लिटरच्या जागी शून्यही घालायचं नाही. दूध आलं होतं, काट्याने सांगितलं नाही, या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो ११७ नंबरच्या माणसाच्या पैशाचा आहे.

आणखी एक, त्यानेही दोन संध्याकाळी वाया गेल्या असतील. स्ट्रटॉक मूळ ओळीवरच सुरी चालवतं. जिथे स्वल्पविराम होता तिथे ते शून्याची खूण लिहून टाकतं. म्हणजे तोडून झाल्यावर चुकीची ओळ छापून बघायला गेलं तर फक्त ११७ दिसतं, आणि फाईलमध्येच एवढं होतं असा समज होतो. स्ट्रसेपही तेच करतं. म्हणून तोडण्याआधी ओळीची प्रत करून ठेवायची आणि तक्रारीसाठी ती प्रत छापायची. एका स्ट्रटॉकचं काम अर्धवट असताना मध्येच दुसऱ्या स्ट्रिंगवर स्ट्रटॉक चालवलं तर पहिल्याची जागा विसरली जाते, कारण ते एकच जागा लक्षात ठेवतं. तशी गरज पडली तर 'स्ट्रटॉक आर' आहे, त्यात लक्षात ठेवायची जागा आपण द्यायची असते.

प्रश्न : जावामध्ये 'अ.ब.क' ही स्ट्रिंग टिंबावर स्प्लिट केली तर तीन तुकड्यांऐवजी रिकामा ॲरे मिळतो. असं का?
— ठाणे

उत्तर : जावाचं स्प्लिट टिंबाला टिंब समजत नाही. ते त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधायचा पॅटर्न, म्हणून वाचतं आणि तिथे टिंबाचा अर्थ 'कोणतंही एक अक्षर' असा होतो. म्हणजे तुमच्या स्ट्रिंगमधलं प्रत्येक अक्षरच विभाजक ठरलं, मधे उरले फक्त रिकामे तुकडे, आणि शेवटचे रिकामे तुकडे जावा स्वतःहून टाकून देतं. 'पॅटर्न कोट'मध्ये टिंब गुंडाळून द्या. शेवटचे रिकामे तुकडे हवे असतील तर दुसरा आकडा म्हणून उणे एक द्या. उभ्या रेघेलाही हाच नियम. स्ट्रिंग टोकनायझर हा जुना क्लास नव्या कामात घेऊ नका. तो केवळ जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ठेवला आहे, असं जावाच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक. कुडाळच्या आसपासच्या वयस्कर मंडळींकडून मालवणी गोष्टी ऐकून टाईप करतो आहे. नातवाने पायथनमध्ये शब्द सुटे करून यादी काढून दिली. दोन अडचणी आहेत. 'दुसऱ्या' हा शब्द यादीत दोनदा येतो, दोन्ही अगदी सारखे दिसतात. दुसरं म्हणजे 'घर', 'घराक', 'घरात' असे सगळे वेगळे येतात. नातू म्हणतो, शेवटचे प्रत्यय छाटून टाकू. छाटावे का?
— एक निवृत्त शिक्षक, कुडाळ

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हे काम तुम्ही करता आहात याबद्दल मनापासून नमस्कार.

'दुसऱ्या'चं कोडं आधी. त्यातला अर्धा र, जो डोळ्याच्या पापणीसारखा दिसतो, तो टाईप करायच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकात खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा र घेऊन पाय मोडतात आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, त्याचा कोड २००डी. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच उमटतात, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द. काही मजकूर तुम्ही मोबाईलवर आणि काही संगणकावर टाईप केला असेल, म्हणून दोन्ही आले. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलाइज फंक्शनने हे एक होत नाहीत. नातवाला सांगा, शब्द सुटे करण्याआधी दुसरी पद्धत शोधून तिथे पहिली घालायची एक ओळ लिही. हेच 'ॲ'चं. अ वर चंद्र देऊनही तो लिहितात आणि २००८ पासून त्याला स्वतःचा कोडही आहे. एकच ठेवा.

आता प्रत्यय. छाटू नका, सर. निदान यंत्राकडून आंधळेपणाने नको. 'घराक'मधला 'क' छाटायचा नियम लिहिला की तो 'नाक'मधलाही छाटेल, 'लोक'मधलाही आणि 'एक'मधलाही. प्रमाण मराठीत 'ला' छाटला तर 'कला' जाते, 'चा' छाटला तर 'वाचा' जाते. शिवाय तुमच्या कामात ती रूपंच मोलाची आहेत. 'घराक' हे रूप कुणाच्या तोंडी कसं आलं, ते कोणत्या गावात कसं बदलतं, हे त्या वयस्कर मंडळींनंतर कुठे सापडणार आहे? यादीत तीन रकाने ठेवा : पहिल्यात शब्द जसा ऐकला तसा, दुसऱ्यात तुमच्या मते मूळ शब्द, तिसऱ्यात तो ज्या वाक्यात आला ते वाक्य. पहिला आणि तिसरा प्रोग्रॅम भरेल. दुसरा तुम्हीच भरायचा. तुमच्याइतकं ते कुणालाच जमणार नाही.

नातवाने शब्द सुटे करताना बॅकस्लॅश डब्ल्यू वापरला असेल तर परभणीच्या मुलीला लिहिलेलं उत्तर त्याला वाचायला द्या. फक्त मोकळ्या जागेवर तोडलं असेल तर काने शाबूत राहतील, पण पूर्णविराम आणि अवतरणचिन्हं शब्दाला चिकटून येतील. ती दोन्ही टोकांची तेवढी काढायची. मधली हात न लावता ठेवायची, म्हणजे 'हळू-हळू'सारखे शब्द अखंड राहतील. आणि छाटणीचा नियम करून बघायचाच असा त्याने हट्ट धरला, तर आधी यादीची प्रत काढून ठेवा आणि तो नियम 'नाक', 'लोक' आणि 'एक' या तीन शब्दांवर त्याच्याच हातून चालवून बघा.